पाठकोऱ्या बाजूवरची बाग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परभणी जिल्ह्यातला मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांना दुपार म्हणजे काय ते सांगायला नको. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कुत्रीसुद्धा नालीच्या ओलाव्याला अंग टाकून पडलेली. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी ताडकळसला आमच्या घराच्या ओसरीवर दहा-बारा लेकरं जमली होती. वीज गेलेली, मोबाइल बंद पडलेले. माझी नातवंडं सुटीला आलेली आणि त्यांच्या सोबतीला गल्लीतली पोरं. 'आबा, काहीतरी करायला सांगा ना,' असा धोशा त्यांनी लावला. मी आयुष्यभर चित्रकलेचा मास्तर. माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काय असणार? सुनेनं परभणीहून येताना रंगवायच्या चित्राच्या झेरॉक्स प्रती आणल्या होत्या. त्या वाटल्या, ओसरीवर सतरंजी अंथरली, मधोमध तेलखडूंच्या दोन पेट्या ठेवल्या आणि म्हटलं, 'चला, रंगवा.'

चित्र सगळ्यांना एकच होतं, 'बागेतील कुटुंब'. तुम्हीही ते कुठंतरी पाहिलंच असेल. मागं लाकडी पट्ट्यांचं कुंपण, एका बाजूला कारंजं, दुसऱ्या बाजूला झोपाळा. झोपाळ्यावर मुलगी आणि तिला झोका देणारे वडील. खाली चादर अंथरून बसलेली आई, तिच्यापुढं खाऊची टोपली. चेंडूमागं धावणारा मुलगा आणि मुलामागं धावणारं कुत्र्याचं पिलू. वर ढग, आणि ढगांआडून डोकावणारा हसरा सूर्य.

आज त्या दुपारीविषयीच बोलायचं आहे. मुलांबरोबर बसून असं एखादं चित्र रंगवणं ही वरवर पाहता वेळ घालवायची गोष्ट. पण त्या दोन-तीन तासांत लेकरांनी मला जे दाखवलं, ते इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पहिलं भांडण झालं ते हिरव्या खडूवरून. बारा लेकरं, दोन पेट्या, आणि प्रत्येकाला बाग आधी हिरवी करायची! रंगपेटीचा हा नियमच आहे. हिरवा आणि निळा सगळ्यात आधी झिजतात आणि पांढरा शेवटपर्यंत नवाकोरा राहतो. मी हिरव्याचे तुकडे करून वाटत होतो. शेजारच्या घरातला आठ वर्षांचा एक मुलगा मात्र या भांडणात नव्हताच. त्यानं काळा खडू घेतला होता आणि चित्रातली सगळी जमीन तो मन लावून काळी करत होता. कुंपणाच्या बुडापासून आईच्या चादरीपर्यंत सगळं काळंभोर.

'अरे, हे काय करतोस? बागेत हिरवळ असते,' माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं मान वर न करता उत्तर दिलं, 'बागेत गवत कुठं ठेवतेत आबा? खुरपून काढावं लागतं. नाहीतर झाडाचं पाणी तेच पिऊन घेतं.'

मी गप्प झालो. पोरगं शंभर टक्के खरं बोलत होतं. आपल्या मराठवाड्यात 'बाग' म्हटलं की डोळ्यांपुढं कारंजं आणि झोपाळा येत नाही. बाग मोसंबीची असते, डाळिंबाची असते, केळीची असते. बागायत म्हणजे पाण्याखालची जमीन आणि बागायतदार म्हणजे ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो. या मुलाची आजी दुसऱ्याच्या मोसंबीच्या बागेत रोजानं निंदणी-खुरपणीला जाते. सुटीच्या दिवशी हाही तिच्या मागं जातो. त्यानं पाहिलेली बाग खुरपलेली असते, आळी केलेली असते, आणि तिची जमीन काळीच असते. कापसाची काळी माती ती. पाणी दिलं की आणखी काळी दिसते.

पण माझं गप्प होण्याचं कारण तेवढंच नव्हतं. या मुलाचे वडीलही एकेकाळी माझ्या वर्गात होते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. शाळेतल्या एका स्पर्धेत 'बागेतील दृश्य' असा विषय होता आणि परीक्षक मीच होतो. त्यानंही कागदभर काळी जमीन रंगवली होती. झाडं चांगली होती, माणसं जिवंत होती. पण मी लाल पेन्सिलीनं 'बागेत हिरवळ असते' असा शेरा मारला आणि दहापैकी दोन गुण दिले. तेव्हा मी नवा होतो. रेखाकला परीक्षेला मुलं बसवायची, निकाल चांगला लावायचा, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पुढं त्या मुलानं चित्रकलेची वही आणणंच बंद केलं. मोठा झाल्यावर एकदा पारावर बसलेला असताना हसत हसत म्हणाला, 'सर, तुम्ही म्हणाले होते ना, बागेत माती दिसत नसते म्हणून. मला तर मातीच दिसत होती.' त्यानं ते हसण्यावारी नेलं. मला काही ते तसं नेता आलं नाही. आणि आता त्याचाच मुलगा माझ्या ओसरीवर बसून तीच जमीन काळी करत होता, आणि मी पुन्हा तेच वाक्य बोललो होतो.

मग कागदावरची ही हिरवळीची बाग आली तरी कुठून? बाह्यरेषा छापून मुलांना रंगवायला देण्याची पद्धत तशी फार जुनी नाही. १८७९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मॅक्लॉफ्लिन ब्रदर्स या प्रकाशकांनी असं एक पुस्तक काढलं होतं. त्यात केट ग्रीनअवे या इंग्रज चित्रकर्तीच्या शैलीतली चित्रं होती. ही बाई बागेतल्या मुलांच्या चित्रांसाठीच प्रसिद्ध. घट्ट कापलेली हिरवळ, फुलांचे ताटवे, पट्ट्यापट्ट्यांचं कुंपण. ज्या देशात बारा महिने रिमझिम पाऊस पडतो, तिथली ती बाग. आपल्याकडच्या रंगवण्याच्या पुस्तकांतली बाग पाहिली की तिचं आजोळ तिकडचंच असावं असं वाटतं.

आणि चित्रातलं कुटुंब? 'आबा, यात आज्जी कुठंय?' असं माझ्या धाकट्या नातवानं विचारलं, तेव्हा माझ्याही लक्षात आलं. आई, वडील, एक मुलगा, एक मुलगी. हे चार चेहरे आपल्या पिढीच्या चांगल्या ओळखीचे आहेत. कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम देशात १९५२ साली सुरू झाला आणि पुढं त्याचा लाल त्रिकोण आणि चार हसरे चेहरे दवाखान्यांवर, गावोगावच्या भिंतींवर रंगवलेले आपण पाहिले. त्या कार्यक्रमाचं काम मोठं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या चौकोनात आजी बसली नाही, आत्या बसली नाही, काकाचं बिऱ्हाड बसलं नाही. ओसरीवरच्या बारा लेकरांपैकी निम्म्याहून अधिकांना सांभाळणारी आजीच होती आणि चित्रात तिलाच जागा नव्हती. मी नातवाला म्हटलं, 'नसेल तर काढ की तू.' त्यानं कारंज्याच्या कठड्यावर आजी बसवली. हातात पानाची चंची दिली आणि आकार दिला वडिलांच्या दुप्पट.

इथं आई-वडिलांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. सहा-सात वर्षांचं मूल आजीला घराएवढी काढतं, तेव्हा त्याचं प्रमाण चुकलेलं नसतं. जे महत्त्वाचं ते मोठं, असं त्याचं माप असतं. त्याच वयाची मुलं कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेघ ओढतात, सगळी माणसं-झाडं त्या रेघेवर उभी करतात, आणि आभाळाची निळी पट्टी अगदी वर काढतात. मधली जागा कोरी. आपण म्हणतो, 'अरे, आभाळ खालपर्यंत भर.' मूल म्हणतं, आभाळ वर असतं, आपण खाली असतो, मध्ये काही नसतं. खरंच आहे की! व्हिक्टर लोवेनफेल्ड या अभ्यासकानं १९४७ मध्ये मुलांच्या चित्रवाढीच्या या पायऱ्या पुस्तकरूपानं सविस्तर मांडल्या. त्या पायऱ्या मूल आपली आपण चढतं. हाताला धरून वर ओढलं तर पाय मुरगळतो, एवढंच.

याच लोवेनफेल्डनं छापील बाह्यरेषांच्या पुस्तकांना कडक विरोध केला होता. मोठ्यांनी काढलेलं गुळगुळीत चित्र पाहून मुलाला वाटतं, 'मला असं येत नाही', आणि ते स्वतःचं काढणं सोडून देतं, असा त्याचा आक्षेप. त्याचं म्हणणं बव्हंशी मला पटतं. मात्र एक सूट मी घेतो. वर्गातलं चाळीसावं लेकरू, जे कोऱ्या कागदाला घाबरतं, त्याला सुरुवातीला छापील रेषेचा कठडा धरू द्यावा. कठडा धरून पाण्यात उतरायला हरकत नाही. जन्मभर कठड्यालाच धरून बसलं तर पोहणं येणार नाही.

तर पुन्हा ओसरीवर येऊ. हिरवे खडू संपत आले तशी मी लेकरांना विचारलं, 'हिरवा संपला तर आता काय करायचं?' कुणीतरी म्हणालं, 'पिवळ्यावर निळा.' बरोबर. पण आधी पिवळा द्यायचा, मग निळा हलक्या हातानं फिरवायचा. गडद रंग आधी दिला तर फिका त्यावर चढत नाही, उलट पिवळा खडूच घाण होतो. फिक्यापासून गडदाकडं आणि लांबच्यापासून जवळच्याकडं, हे दोन नियम घरी रंगवताना पुरेत. आभाळ आधी, झाडं मग, माणसं शेवटी. म्हणजे हाताच्या घासण्यानं माणसांचे चेहरे काळवंडत नाहीत. झेरॉक्सचा कागद पातळ असतो. त्यावर पाण्याचे रंग दिले की तो पापडासारखा वाकतो. म्हणून तिथं खडूच बरा. जाड कागद मिळाला तर एक गंमत करून पाहा. कारंज्याचं पाणी पांढऱ्या मेणखडूनं दाबून काढा. काहीच दिसणार नाही. मग त्यावरून पातळ निळा पाण्याचा रंग फिरवा. मेणावर पाणी धरत नाही, आणि कारंजं पांढरंशुभ्र उसळून वर येतं. लेकरं त्या वेळी जो आवाज काढतात ना, तो ऐकण्यासारखा असतो.

रंग विकतच आणले पाहिजेत असंही नाही. आमच्या भागात फाल्गुनात पळस फुलतो. त्याची फुलं रात्रभर भिजवली की केशरी पाणी मिळतं. हळद तर शेजारच्या वसमतची, तिला तोड नाही. गेरू, चुना, नीळ, चुलीतला कोळसा, पालकाचा रस. एवढ्यावर अख्खी बाग उभी राहते. हळदीच्या पाण्यात चुना पडला की ते लाल होतं, हे पाहून आमच्या ओसरीवर तासभर चित्र बाजूलाच राहिलं होतं.

मग मी एक खेळ काढला. म्हटलं, 'नुसता हिरवा म्हणायचं नाही. कोणता हिरवा ते सांगायचं.' लेकरं अडखळली, पण घरातून बायका बोलू लागल्या. भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीबाई म्हणाल्या, 'पोपटी.' सून म्हणाली, 'शेवाळी.' कुणी मोरपंखी म्हणालं, कुणी चिंतामणी. मग लुगड्यांची आठवण निघाली आणि रंगांची रास पडली. डाळिंबी, जांभळा, अंजिरी, अबोली, आमसुली, लिंबू, वांगी रंग, केशरी, हळदी, बदामी. ऐकता ऐकता माझ्या मनात आलं, अरे, ही तर बागच आहे! आपल्या मराठीत रंगांची अर्धी नावं फळाफुलांची आणि पाखरांची. ज्या आजीबाईंनी कधी खडू हातात धरला नाही, त्यांच्या जिभेवर पंचवीस रंगांची पेटी होती. आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या माझ्या नातवंडांना त्यातले चारही ठाऊक नव्हते. मुलांबरोबर रंगवायला बसताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवावं, ते यासाठी.

आता जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यासाठीच खरं तर मी हा विषय निवडला.

पेटीत फिक्या गुलाबी रंगाचा एक खडू असतो. मुलं त्याला सरसकट 'स्किन कलर' म्हणतात. अंगाचा रंग. चित्रातली माणसं रंगवायची वेळ आली की सगळी मुलं त्या एका खडूची वाट पाहत बसतात. माझी सात वर्षांची नात सावळी आहे. तिनं चित्रातल्या आईला तो गुलाबी खडू दिला, मुलाला दिला, आणि झोपाळ्यावरच्या मुलीपाशी येऊन थांबली. स्वतःचा हात कागदाशेजारी ठेवला. खडू हातावर धरून पाहिला. मग मला विचारलं, 'आबा, माझ्या हाताचा खडू पेटीत नाही का?'

श्रोतेहो, या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? अमेरिकेतल्या क्रेयोला या प्रसिद्ध खडूंच्या कंपनीनंही एका फिक्या खडूला 'फ्लेश', म्हणजे अंगाचा रंग, असं नाव दिलं होतं. १९६२ साली त्यांनी ते बदलून 'पीच' केलं. माणसाच्या अंगाचा रंग एकच नसतो, हे तिथं कळायला तेवढी वर्षं लागली. पुढं २०२० साली त्याच कंपनीनं माणसांच्या कातडीच्या चोवीस छटांची पेटी काढली. आपल्याकडं तर चोवीस छटा एकाच पंगतीत बसलेल्या असतात. तरी आपल्या मुलांच्या तोंडी अजून तो गुलाबीच 'स्किन कलर' आहे.

यात खडूचा दोष किती आणि आपला किती? बारशाच्या दिवशी पाळण्यात वाकून पाहणारी बाई पहिलं काय विचारते? लग्नाच्या जाहिरातीत काय छापलं जातं? 'रंगानं जरा कमी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे,' हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलं आहे, आणि लेकरांनीही ते ऐकलं आहे. गंमत पाहा, आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईनं ज्याला सखा मानलं, तो पंढरीचा विठोबा काळासावळा. त्याच्या सावळेपणाचं आपण किती कौतुक करतो! देव सावळा चालतो, लेक सावळी म्हटलं की आवाज खाली जातो.

मी नातीला म्हटलं, 'पेटीत नसेल, पण आपण करू.' पाठकोऱ्या कागदाच्या एका तुकड्यावर आधी पिवळा हलका दिला, त्यावर नारिंगी, त्यावर तपकिरी, आणि बोटानं घासलं. तिनं हात शेजारी धरला. 'अजून थोडा तपकिरी.' पुन्हा घासलं. 'जमला!' मग काय, सगळी लेकरं हात पुढं करून रांगेत बसली. कुणाचा रंग गुळासारखा निघाला, कुणाचा दुधाच्या चहासारखा, कुणाचा खरपूस भाकरीसारखा, कुणाचा नुकत्याच भिजलेल्या मातीसारखा. बारा लेकरांचे बारा रंग निघाले, आणि तो गुलाबी खडू कुणालाच जुळला नाही. ज्या पोरीला गावात 'गोरी' म्हणतात, तिलासुद्धा नाही. नातीनं झोपाळ्यावरची मुलगी आपल्या रंगानं रंगवली. मग आईकडं पाहिलं, विचार केला, आणि गुलाबीवरून तपकिरी फिरवून आईलाही घरची करून घेतली.

मी एवढी वर्षं चित्रकला शिकवली, मुलांना रंगचक्र पाठ करून घेतलं. पण 'तुझा हात कागदाशेजारी ठेव' असं एकाही मुलाला कधी म्हणालो नव्हतो.

मुलाला त्याचं पाहिलेलं रंगवू द्यावं, ही गोष्ट काही मी नव्यानं शोधलेली नाही. मोठ्या माणसांनी ती कधीच सांगून ठेवली आहे. ज्या तेलखडूनं आपली मुलं रंगवतात, त्याचा जन्मच यातून झाला. जपानमध्ये शाळांतून मुलांना नमुन्याची हुबेहूब नक्कल करायला लावत. कानाए यामामोतो नावाच्या चित्रकारानं १९१९ साली त्याविरुद्ध मुक्त चित्रांची चळवळ सुरू केली. मुलांना बाहेर न्या, दिसेल ते काढू द्या, असा तिचा आग्रह. त्यासाठी सोपा, भरगच्च रंग देणारा खडू हवा होता, आणि १९२५ च्या आसपास जपानमध्ये तेलखडू तयार झाला. नकलेतून सुटका करण्यासाठी जो खडू बनला, तोच हातात देऊन आपण मुलांना म्हणतो, 'रेषेच्या बाहेर जाऊ नकोस!'

आणि जपानपर्यंत तरी कशाला जायचं? आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला, गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत, १९४४ पासून देवी प्रसाद नावाचे कलाशिक्षक होते. शांतिनिकेतनात शिकून आलेले. खेड्यातल्या मुलांकडून त्यांनी वर्षानुवर्षं चित्रं काढून घेतली. सगळ्यांना चित्रकार करायचं म्हणून नव्हे. मूल शहाणं, मोकळं माणूस व्हावं म्हणून कला हवी, अशी त्यांची धारणा होती. त्या अनुभवावर त्यांनी पुस्तकं लिहिली. मी ती वाचली निवृत्तीनंतर. आधी वाचली असती तर निदान ती लाल पेन्सिल तरी खिशात राहिली असती.

ओसरीवरचं चित्र रंगवून झालं तेव्हा चार वाजले होते. चहा झाला. मी म्हटलं, 'आता कागद उलटा करा. मागची बाजू कोरी आहे. तिथं आपली बाग काढा. आपल्या घरची माणसं त्यात बसवा. मी काही सांगणार नाही.'

आणि खरंच मी काही सांगितलं नाही. ते सोपं नव्हतं बरं का! मास्तराचा हात सारखा वळवळतो. पण मागच्या बाजूला जे उमटलं, ते पुढच्या छापील चित्राच्या दसपट होतं. एकीनं न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली केळ आणि अळू काढलं, आणि शेजारी हंडा घेतलेली आई. एकानं तुळशीवृंदावन काढलं, त्याभोवती सदाफुली, आणि कुंपण म्हणून काटेरी बाभळीच्या फांद्या. एकानं शाळेतली परसबाग काढली, मेथीच्या वाफ्यात शिरलेली शेळी आणि तिच्यामागं धावणाऱ्या शाळेतल्या मावशी. परभणीच्या राजगोपालाचारी उद्यानात जाऊन आलेल्या दोघांनी घसरगुंडी काढली आणि जमीन हिरवीगार केली. त्यांनी ती तशी पाहिली होती, म्हणून तीही बरोबर. माझ्या नातवानं पुण्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीतल्या चार कुंड्या काढल्या आणि त्यात सगळं घर कोंबून बसवलं. आजी अर्थातच सगळ्यात मोठी.

काळ्या जमिनीवाल्या मुलानं मोसंबीची बाग काढली. हिरव्या झाडांवर पिवळे ठिपके, आळ्यांतून पाणी, खुरपं घेतलेली आजी. पण त्याचा पुढचा, छापील भाग मी पाहिला तेव्हा माझ्या लक्षात आलं की झोका देणारे वडील त्यानं कोरेच ठेवले आहेत. पांढरा शर्ट, पांढरा चेहरा, पांढरे हात. सगळं चित्र भरलेलं आणि मधोमध एक पांढरा माणूस.

अशा वेळी मोठ्यांना मानसशास्त्रज्ञ होण्याची फार घाई असते. काळा रंग दिला म्हणजे मूल दुःखी, अमुक सोडलं म्हणजे तमुक. असले ठोकताळे करू नयेत. विचारावं. मी विचारलं, 'हे राहिले का रे?'

'राहिले नाहीत,' तो म्हणाला. 'पप्पा पुण्याला असतेत कामाला. कोणता शर्ट घालतेत ते माहीत नाही. आल्यावर रंगवीन.'

त्यानं कागद घडी न करता नेला. त्याच्या आजीनं तो घरात देवळीशेजारी खिळ्याला टांगला. पावसाळा गेला, सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी झाली. मी अधूनमधून त्यांच्या घरी गेलो की तो पांढरा माणूस तसाच झोका देत असलेला दिसे.

दिवाळीला त्याचे वडील आले. पाडव्याच्या सकाळी बाप-लेक आमच्या ओसरीवर हजर. मुलाच्या हातात तो कागद, वडिलांच्या हातात नवी रंगपेटी. 'सर, हा म्हणतोय, तुमचं तुम्हीच रंगवा. मला कुठं येतं आता? पंचवीस वर्षं झाली, खडू धरला नाही.' तो माझ्यापुढं मांडी घालून बसला. सिमेंटनं भेगाळलेली बोटं. त्यानं कागद गुडघ्यावर घेतला आणि सवयीनं माझ्याकडं पाहिलं. 'सर, कोणता रंग देऊ?'

उत्तर माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं आणि त्याच्या मुलाकडं बोट दाखवलं.

मुलानं वडिलांचा हात धरून कागदाशेजारी ठेवला. नीट पाहिलं. मग पेटीतून तीन खडू काढून दिले. पिवळा, नारिंगी, तपकिरी.

चित्र पूर्ण व्हायला अर्धा तास लागला. जमीन मात्र त्यांनी तशीच ठेवली. काळी.